तेराव्या रांगेतली जागा

“सही करा, दोना एर्मेलिंदा,” बाल्ताझारने मैदानातल्या जागेचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. “कुश्तोदियो अकराच्या बोटीने पलीकडे जातोय. बाराला क्लबची खिडकी बंद होते. मग पुढच्या हंगामाला तुमची जागा कुणातरी परक्याच्या नावावर.”

एर्मेलिंदाने चष्मा लावला, अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सही केली नाही.

सोमवारची सकाळ होती. नदीच्या अलीकडे, धक्क्याजवळच्या त्या कॅफेत सोमवारी फुटबॉलशिवाय दुसरा विषय नसे. शनिवारी त्यांच्या तांबड्या संघाने तळाच्या संघाशी एक-एक अशी बरोबरी करून घेतली होती. आता ते हिरव्यांच्या दोन गुण मागे होते आणि चार सामने उरले होते.

“संपलं,” कुश्तोदियो म्हणाला. तो न्हावी होता, आणि दर एप्रिलमध्ये त्याचं सगळं संपत असे. “अजिंक्यपद गेलं. त्या गोलरक्षकाला एकदा माझ्या खुर्चीत बसवा. वस्तरा माझ्या हातात, मग विचारतो त्याला.”

“गप रे,” बाल्ताझार म्हणाला. “येत्या रविवारी हिरव्यांशीच गाठ आहे. जिंकलो की आपण एक गुण पुढे.”

“जिंकलो की! शनिवारी पळत होते ते पाय होते, की खारवून वाळत घातलेले मासे?”

“एकदा असेच मागे पडला होतात,” एर्मेलिंदा म्हणाली. “जुन्या मैदानात. धो धो पाऊस, आणि पाच गोल झाले. पाचवा अगदी शेवटच्या मिनिटाला.”

“ऐक!” बाल्ताझारने टेबलावर हात आपटला. “बाईमाणूस आहे, पण तुझ्याहून पक्की तांबडी आहे.”

तिची आठवण होतीच तशी. पंच कोण होता, संघात कोण कोण होतं, यातलं तिला काही सांगता येत नसे. पण गोल एकूण एक पाठ. कुठल्या कोपऱ्यातून आला, तेव्हा ऊन होतं की वारा, सगळं.

त्रेचाळीस वर्षं ते चौघं एका ओळीत बसत आले होते. कुश्तोदियो, बाल्ताझार, एर्मेलिंदा आणि कडेला तिचा नवरा अदेलीनो. बाल्ताझार तिला अजूनही मानाने ‘दोना’च म्हणे. जुन्या मैदानात सिमेंटच्या पायऱ्या होत्या, घरून उशी न्यावी लागे. एर्मेलिंदा फडक्यात बांधून कॉड माशाचे वडे आणायची. आजूबाजूच्या दहा रांगांत बाई म्हणून ती एकटीच. बाल्ताझारची बायको तर म्हणायची, मोठ्या माणसांचा हा पोरखेळ मला नको. पुढे ते मैदान पाडलं, नवं बांधलं, नंबर घातलेल्या खुर्च्या आल्या. चौघांनी तेरावी रांग धरली आणि सोडली नाही.

जानेवारीत अदेलीनो गेला. गोदीतला वेल्डर, अबोल माणूस. ‘नमस्कार’सुद्धा काटकसरीने म्हणायचा. शवपेटीत त्याच्या छातीवर तांबडा मफलर बाल्ताझारनेच ठेवला होता. तेव्हापासून एर्मेलिंदा मैदानात आली नव्हती. बाल्ताझारच्या डाव्या हाताला दोन खुर्च्या रिकाम्या असत, आणि सामना कितीही रंगला तरी त्याची नजर तिकडे जाई. त्याचीही बायको आता नव्हती. ही रांग मोडली, तर रविवारी कुणासाठी दाढी करायची, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“पहिला सामना जड जाईल,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी अदेलीनोच्या खुर्चीत बसेन. ती रिकामी दिसणार नाही तुम्हाला. पण या.”

एर्मेलिंदाने त्याच्या हातावर हात ठेवला.

“बाल्ताझार, मी हिरव्यांची आहे.”

कुश्तोदियोच्या हातातला लोणी-पाव तोंडाशी पोचलाच नाही.

“सोमवारी असली थट्टा करू नये,” तो म्हणाला.

“थट्टा नाही. सात वर्षांची होते, वडिलांनी खांद्यावर बसवून सामना दाखवला, तेव्हापासून. लग्नाआधी अदेलीनोला सांगणार होते. राहून गेलं.”

“त्रेचाळीस वर्षं?” कुश्तोदियोचा आवाज चिरकला. “आमच्यात बसून? आमचे वडे… म्हणजे तुमचे वडे… अहो बाई, काय काय बोललो मी तुमच्यासमोर त्या हिरव्यांना!”

“बोललात खरं. सगळं ऐकलं.”

बाल्ताझार मात्र हसला नाही, चिडलाही नाही. तो आठवत होता. पेनल्टीच्या वेळी ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. चेंडू जाळ्यात गेला की कुणाच्याही आधी उभी राहायची, दोन्ही हात पसरून.

“तुम्ही उठायचात,” तो म्हणाला. “हिरव्यांवर गोल झाला तरी उठायचात. मी शेजारीच होतो, दोना एर्मेलिंदा. तुमचा चेहरा मी बघितलाय. तो आनंद खोटा नव्हता.”

“खोटा कशाला असेल?”

तिने अर्जाची घडी घातली आणि कोराच त्याच्याकडे परत सरकवला. धक्क्यावर अकराच्या बोटीचा भोंगा वाजला. कुश्तोदियो जागचा हलला नाही.

“अदेलीनो कसा होता, तुम्हाला ठाऊकच आहे,” ती म्हणाली. “चांगला होता. पण संसारात त्याने मला आपणहून कधी जवळ घेतलं नाही. फक्त गोल झाला की घ्यायचा.”