सशाचं शेपूट

शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या भुसभुशीत मातीत प्रेरणानं तुऱ्हाटीच्या काडीनं एक जपानी अक्षर काढलं. वर कानासारखी वळलेली रेघ, खाली आडवं अंग, मग एक पाय आखूड नि एक लांब ओढलेला.

पौषातलं ऊन कापसाच्या पऱ्हाटीवर पेंगत होतं. वावर इतकं पांढरं झालं होतं की पलीकडची घरं त्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. दुपार कलली होती आणि उगवतीला फिकट चांद वर आला होता.

परवा तिला जपानला निघायचं होतं. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी लागली होती. ते कळलं त्या दिवसापासून तिची आई, नलू, त्यावर अवाक्षर बोलली नव्हती. जा म्हणाली नव्हती, नको जाऊ असंही म्हणाली नव्हती.

वेचणीची ओळ संपवून नलू धुऱ्यावर आली. कमरेच्या ओटीतला कापूस सावरत लेकीच्या खांद्यावरून वाकली.

"हे काय काढलं वं?"

"ससा. तिकडं असा लिवतेत."

नलू उकिडवी बसली. रेघांवरून तिनं हलकेच बोट फिरवलं, मातीला न लावता. कानापाशी थांबली, लांब पायापाशी थांबली.

"पळून राह्यला," ती म्हणाली. "पन शेपूट कुठं आहे?"

प्रेरणा हसली. "तेच राह्यलं. पायापाशी एक ठिपका द्या लागते. मी जपानीच्या वर्गात बी भुलतो."

"आन नाई देला तं?"

"तं ससा नाई राहत, माय. दुसराच शब्द होते. सुटका."

कुठंतरी होला घुमत होता. आपण दोघी कुणाच्या तरी झोपेत बसलो आहोत आणि मोठ्यानं बोललं तर त्याला जाग येईल, असं प्रेरणाला उगाच वाटलं.

मग नलूनं ओटीतून कापसाचा पुंजका काढला. त्यातली सरकी नखानं सोडवली.

"इथं?"

"इथंच."

तिनं तो अक्षराच्या पायाशी ठेवला. दोघी पाहत राहिल्या. जरा हललं तर ससा उठून पळेल, अशा जपून.

"तिकडच्या लोकाईले बी चांदावर ससाच दिसते," प्रेरणा म्हणाली. "उखळात कांडत असते म्हनते."

"काय कांडते?"

"तांदूळ."

नलूनं वर चांदाकडं पाहिलं. "मंग कामाचा आहे," ती म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली, ओटीची गाठ आवळली आणि पुढच्या ओळीत शिरली. कमरेपर्यंत पांढऱ्यात बुडाली. आजही ती काही बोलणार नाही, हे प्रेरणानं गृहीत धरलं.

थोडं पुढं गेल्यावर नलूचा आवाज आला. तिनं मागं वळून पाहिलं नव्हतं, वेचते हातही थांबवले नव्हते.

"तिथल्या बुढ्याईचे केस विंचरशीन तं हळू विंचरजो. तुह्या हाताले जोर लय आहे."