विष्णुपंतांची साक्ष

“सांगा यांना, विष्णुपंत, किती गुण आला ते,” नृसिंहशास्त्री वैद्य खलात औषध घोटता घोटता म्हणाले.

विष्णुपंतांच्या कपाळाला आठी पडली. भिंगारच्या या वैद्यांची ही जुनी रीत. नवा रोगी आला की जुन्याने साक्ष द्यायची. आणि जुन्यांत सगळ्यांत जुने विष्णुपंत, छावणीच्या कचेरीतले कारकून. आजाराला धड नाव नाही. ताप नाही, खोकला नाही, नुसतं मन खचलेलं. औषध सुरू केलं तेव्हा लढाई पेटायची होती. पुढे जर्मनी हरली, जपान हरला. विष्णुपंतांची उदासी तेवढी हरायचं नाव घेईना. काढे झाले, चूर्णं झाली, डोक्यावर तेलाच्या धारा झाल्या. सकाळी कोटाची बटणं लावायची म्हटलं तरी जिवावर यायचं. तरीही साक्षीची वेळ आली की ते म्हणायचे, “पुष्कळ गुण आहे.” वैद्य भला माणूस. त्याचं मन कशाला मोडायचं?

आज मात्र ते उरलेल्या पुड्या परत करायला आले होते. आता पुरे, एवढंच सांगायचं होतं.

समोरच्या बाकावर कर्जतकडची भीमाबाई बसली होती. शेजारी तिचा तिशीतला मुलगा आसाराम, मान खाली घालून.

“सा महिनं झालं, ह्याच्या तोंडातून सबुद न्हाई,” भीमाबाई म्हणाली. “परवा हिरीच्या काठावरनं माघारी आनला. खरं सांगा रावसाहेब, ह्यो बरा व्हईल का?”

नेहमीचं वाक्य विष्णुपंतांच्या जिभेवर तयार होतं. पण आज ते बाहेर पडेना.

“मला काडीचाही गुण नाही,” ते म्हणाले.

खल थांबला. विष्णुपंतांचा आवाज चढला. “सात वर्षं झाली, बाई. एक पुडी चुकवली नाही, एक पथ्य मोडलं नाही. तरी रोज सकाळी तेच. काल तेच, आज तेच, उद्याही तेच असणार. खोटं सांगून सांगून विटलो मी.”

भीमाबाईने पदर तोंडाला लावला. शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. विष्णुपंतांना स्वतःचीच चीड आली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आपण तीही मोडून ठेवली. पुड्या बाकावर टाकून ते चपला शोधू लागले.

तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या कोटाची बाही धरली. आसारामने मान वर केली होती. तो विष्णुपंतांना नीट न्याहाळत होता. ओठ हलायला जरा वेळ लागला.

“सात वर्सं असंच हुतंय तुमाला,” तो म्हणाला, “अन् तुमी अजून हायेत?”