बरोबरी

संगणकांच्या बुद्धिबळ स्पर्धेत त्याच्या दिवंगत बायकोने लिहिलेला प्रोग्राम हातातोंडाशी आलेले डाव बरोबरीत सोडू लागला. "आत माणूस बसवलाय! मशीनला कधी दया येते का?" प्रतिस्पर्ध्यांनी गिल्ला केला.

पंचांनी प्रोग्राम स्वतःच्या कोऱ्या लॅपटॉपवर चढवला, नेट तोडलं, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि नवऱ्यालाच समोर बसवलं. "खेळा. लबाडी निघाली, तर बाईंचं नाव कायमचं बाद."

तो हरू लागला. घरीही तो तिच्याकडून हरतच आला होता.

पडद्यावर अक्षरं उमटली : "चल, बरोबरी. तोंड पाडू नकोस."

"हे कोण लिहितंय?" पंचांचा आवाज खाली आला.

हे शब्द प्रोग्राममध्ये कुठेच नव्हते. ते फक्त नवरा-बायकोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोलले जायचे.

"अहो, 'हो'ची कळ दाबा नाहीतर 'नाही'ची!" पंच म्हणाले.

हो म्हटलं की ती सोंगट्या गोळा करून उठायची. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर दुसरी ओळ आली.

"हात काढ मांडीखालून. मला निघायचंय."