मंडळावरची लेक

आयर्लंडमधल्या विद्यापीठात पीएचडी करणारी दिशा सुट्टीला नाशिक रोडच्या घरी आली होती. विद्यार्थ्यांनी तिला विद्यापीठाच्या नियामक मंडळावर निवडून दिलं होतं आणि आज त्या मंडळाची ऑनलाइन बैठक होती. इंग्रजी कळत नसलं तरी तिचे वडील, समाधानराव, फुलांचं दुकान बायकोवर सोपवून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यात येणार नाही असे बाजूला बसले.

लेक बराच वेळ बोलली. पडद्यावरची मोठमोठी माणसं माना डोलवत होती. एकाने तर छातीवर हात ठेवून तिचे आभार मानले. मग भराभर हात वर झाले आणि बैठक संपली.

"काय ठरलं गं?"

"सरकारने अनुदान कमी केलंय. म्हणून एक विभाग बंद करायचं ठरलं."

"अरे देवा! तू विरोधात मत दिलंस ना पण?"

दिशाने लॅपटॉप मिटला. तिचा चेहरा अगदी कोरा होता.

"मला मत देऊ दिलं नाही, पप्पा."

"का? तू मंडळावर आहेस ना?"



"आहे. पण विभाग माझाच होता. हितसंबंध आड येतात म्हणे."