उपासमार

केशोरी गावच्या मुन्नीबाईंची गाय वर्षभर माजावर आली नव्हती. सून रविताने कासरा धरला आणि जनावरांच्या डॉक्टरांनी गाय तपासली.

"आजार काही नाही. हिला पोटभर चारा मिळत नाही. मेंदूखाली एक बारीक ग्रंथी असते. जनावर उपाशी राहिलं, की ती माजासाठी लागणारे हार्मोन बनवणं कमी करते. शरीर आधी स्वतःचा जीव सांभाळते."

मुन्नीबाईंनी रविताकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून त्यांनीच रविताला आठवड्यातून तीन उपास धरायला लावले होते. पोर वाळून गेली होती. पाच महिन्यांपासून पाळी बंद होती, आणि दवाखान्यात दिवस गेले नाहीत म्हणून सांगितलं होतं.

"डाक्टरसाहेब, बाईमाणसाचंही असंच रायते का?"

"मी जनावरांचा डॉक्टर, बाई. पण ती ग्रंथी माणसातही असते. काऊन?"

मुन्नीबाई घरात गेल्या. भाताचं ताट वाढून त्यांनी रविताला हाक मारली.

"आई, आज माहा उपास आहे."

"तो आता मी धरतो. तू जेव."