भोंग्याची ऑर्डर

ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलीनं त्या गृहस्थांकडे एकदा पाहिलं, त्यांच्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि सरळ त्यांच्या बायकोला विचारलं, "यांना काय आणू?"

बायकोनं तोंड उघडलंसुद्धा. सवयच लागली होती ना! अर्धांगाच्या आजारपणापासून डॉक्टर म्हणू नका, न्हावी म्हणू नका, सगळ्यांना त्यांच्या वतीनं तीच उत्तरं देत आली होती. पण टेबलाखाली त्यांचा डावा हात तिच्या गुडघ्यावर आला आणि तिनं तोंड मिटलं.

"मी," ते म्हणाले. "स... सगळ्यांचं. मी सांगतो."

पबमधल्या त्या लांब टेबलावरचे सगळे त्यांच्याकडे बघू लागले. या मंडळींच्या फुरसत क्लबचा रिवाजच होता तसा. महिन्यातून एकदा कालव्याकाठी फिरून यायचं, मग पबमध्ये जेवायचं, आणि ज्यानं जागा निवडली त्यानंच सगळ्यांची ऑर्डर तोंडपाठ सांगायची. मागे एकदा ही सगळी मंडळी एकदम बोलली आणि बिचारा वेटर रडकुंडीला आला, तेव्हापासूनचं हे. आजारपणानंतर या गृहस्थांची पाळी आली तेव्हा सगळ्यांनी ती प्रेमानं गाळली होती. या खेपेला त्यांनी स्वतःच हात वर केला. डावा. मग येतायेता प्रत्येकानं आपापलं त्यांच्या कानात सांगितलं.

भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेलेली. आवाज असला खणखणीत, की क्लबात नावच पडलं भोंगा. क्लबातल्याच टेलरमास्तरांनी ठेवलेलं. कुठंही जेवायला गेलं की बायकोचा जप सुरू व्हायचा, "अहो, हळू बोला, लोक बघताहेत!" आणि आता? आता भोंगा म्हणायची कुणाची छातीच होत नव्हती. सगळे 'भाऊ, भाऊ' करायचे, तेही तापानं फणफणलेल्या पोराशी बोलावं तसं, हलक्या आवाजात. तिला त्या 'भाऊ'ची चीड यायची. पण बोलणार कुणाला? माणसं मायेनंच करत होती.

"सूप," भोंग्यानं सुरुवात केली. "दो... दोन. इकडं." डाव्या हाताचं बोट एकेकाकडे वळत होतं. कोंबडीपर्यंत गाडी ठीक आली. पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना. मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. बायको मनातल्या मनात तोच शब्द त्यांच्याबरोबर ढकलत होती.

"भाऊ, राहू द्या ना," क्लबातल्या नर्सबाई हळूच म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी पंजा उभा केला. थांब म्हणून. आणि शेवटच्या ताटापर्यंत सगळं सांगूनच पाठ टेकली. पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखं बायकोनं ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं.

जेवण आलं. नर्सबाईंनी ऑम्लेट सांगितलं होतं. पुढ्यात आली कोंबडी.

"अगं बाई, हेच तर हवं होतं मला!" त्या म्हणाल्या. जरा जास्तच घाईनं.

बोली लावणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे कळणार नाही होय? भोंग्यानं चमचा खाली ठेवला. "चु... चुकलं?"

"छे छे, भाऊ! सगळं अगदी बरोबर आहे!" चहूकडून आवाज आले.

त्यांचा चेहरा पडला.

तेवढ्यात टेलरमास्तरांचं ताट आलं. हा माणूस असा, की नमस्कार करायच्या आधी तुमच्या नव्या कोटाचा सुटलेला धागा दाखवणार. आजवर एकही ताट त्यांनी बिनतक्रार खाल्लेलं नव्हतं. त्यांना हवा होता तळलेला मासा. ताटात होतं उकडलेलं गाजर आणि कोबी. सगळे त्यांच्याकडे हात जोडल्यासारखे बघू लागले. नर्सबाईंनी तर टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

मास्तरांनी काट्यानं गाजराचा एक तुकडा उचलला आणि उजेडात धरून पाहिला.

"भोंग्या!" ते कडाडले. "हे काय मागवलंस रे? मासा सांगितला होता मी! दोनदा सांगितला होता! मी काय ससा आहे?"

नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले. बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला आता चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून ती उठलीच होती, आणि तिची नजर नवऱ्याकडे गेली.

ते ताठ बसले होते. डोळ्यांत चमक आली होती. बाजारात आपटायचे तसा त्यांनी डावा हात टेबलावर आपटला.

"माल..." शब्द अडला. कुणी मदत केली नाही. मास्तरांनीही हाताची घडी घातली, भुवया वर केल्या आणि वाट पाहिली. "माल ए... एकदा पुकारला..." गळ्याच्या शिरा फुगल्या, "की परत नाही! खा गुमान!"

काउंटरवरच्या माणसानं वळून पाहिलं. स्वयंपाकघरातून कुणीतरी डोकं बाहेर काढलं. टेलरमास्तरांनी गाजर तोंडात टाकलं आणि चावत चावत म्हणाले, "मीठ कमी आहे."

बायको पुन्हा खाली बसली. रुमालानं डोळे पुसले, पदर सारखा केला, आणि अख्ख्या पबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, हळू बोला! लोक बघताहेत."