दोनशे तास

चैत्याने कानाच्या मशीनमधला बटणाएवढा सेल काढून अमृतच्या काउंटरवर ठेवला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तू मना फसवलास."

जिओचं सिम घ्यायला आलेली माणसं वळून बघू लागली. अमृतला राग आला, पण ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्याने मशीनमध्ये नवा सेल घातला, ते म्हाताऱ्याच्या कानात बसवलं आणि मग काय झालं ते विचारलं.

तक्रार सरळ होती. तलासरीच्या याच दुकानात अमृतनेच त्याला हिशेब शिकवला होता. सेलची ताकद सहाशे, मशीन तासाला तीन खातं, म्हणजे दोनशे तास. चैत्याने ते पक्कं लक्षात ठेवलं होतं. सेल नवा घातला तेव्हा तासभर वापरला असेल, मग मशीन बंद करून डब्यात. दोन महिन्यांनी कानात घातलं, तर मुकं.

अमृतने जुना सेल मीटरवर धरला. त्यात काहीच उरलं नव्हतं. समजावून सांगायची त्याला भारी हौस.

"काका, हिशेब बरोबर आहे. पण हा सेल हवेवर चालतो. वरचा कागद सोलला की हवा आत जाते. मग तुम्ही वापरा नाहीतर बंद ठेवा, तो सुकतच जातो. याला साठवून ठेवता येत नाही. रोज लावायचं होतं ना मशीन."

एवढं जपलं तरी कशासाठी, असंही त्याने हसत विचारलं.

चैत्याने सांगितलं. त्याची बायको शुक्री आजारी होती, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. झरी गावातल्या घरात दोघंच, मुलगा वापीला कंपनीत. तिला एकटं टाकून सेल आणायला येणं होईना, आणि जवळ हा एकच. शेवटी ती काही सांगेल, तेव्हासाठी त्याने तो राखला होता. गेल्या बुधवारी सकाळी ती बोलली. बराच वेळ बोलली. तो मशीनचं बटण फिरवत तिच्या ओठांकडे बघत राहिला. दुपारी ती गेली.

अमृतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदाचं सांगायचं तोच विसरला होता. एखादा सेल मुळातच खराब निघतो, हाही तसाच असणार, चूक दुकानाचीच, असं तो घाईघाईने बोलू लागला.

"नको," चैत्या म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता. "तू आधी सांगितलास ता सगळा आयकला मी."

तो जायला वळला, पण पायरीवरच थांबला.

"रोज हाक मारायची ती, खाटेवरून. ओठ हलताना दिसायचे. मीच तिला गप करायचो. आता नको बोलू, सेल संपेल."